आधी दुसरीकडं खेळ

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण पुरावा मागू नका. पुरावा म्हणून बाभळीचा एक पाट आणि स्टीलचे दोन डबे आमच्या माळ्यावर आहेत. ते खाली काढायची माझी तयारी नाही.

गाव चौसाळा, जिल्हा बीड. वार रविवार. वेळ दुपारी अडीच ते तीन.

हो, दुपारच. असलं काही फक्त रात्री होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात अडीच वाजता आमच्या गावच्या रस्त्यावर येऊन उभं राहावं. माणूस सोडा, कुत्रंसुद्धा दिसत नाही.

ज्याच्यासोबत हे घडलं तो धर्मराज, माझा सख्खा मावसभाऊ. वय बत्तीस. हायवेला लागून त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात तो, त्याची आई म्हणजे माझी तुळजामावशी, आणि धाकटी बहीण तेजश्री. वडील लवकर गेले. तेजश्रीला त्यानेच वाढवलं, त्यानेच शिकवलं. ती तलाठी भरतीची तयारी करत होती. धर्मराजचा जीव कशात अडकला होता तर तो या पोरीत.

त्याने मला जे सांगितलं ते मी तसंच सांगतो.

आधी खेळाचं थोडं ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गावात राधाकिशन सर आहेत, गणिताचे निवृत्त शिक्षक. पुण्यात मुलाकडे राहायला गेले तेव्हा त्यांना गो नावाच्या खेळाचा नाद लागला. चीन-जपानकडचा खेळ. परत आल्यावर त्यांनी बबनरावांच्या खताच्या दुकानावरची खोली घेतली, सुताराकडून बाभळीचे पाट करून घेतले, पुण्याहून खडे मागवले आणि दारावर पाटी लावली, 'चौसाळा गो मंडळ'. लोक हसले. दोघंतिघं तर जुगार आहे का म्हणून चौकशी करून गेले. पण दोन वर्षांत दर रविवारी आठ-दहा जण जमायला लागले. तेजश्रीसुद्धा जायची.

खेळ साधा आहे. पाटावर एकोणीस उभ्या रेघा, एकोणीस आडव्या. एकाचे खडे काळे, एकाचे पांढरे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने एकेक ठेवायचा. समोरच्याचा खडा चारी बाजूंनी कोंडला की तो मेला. मेलेला खडा उचलून बाजूला ठेवायचा.

गावातल्यांना लवकर कळावं म्हणून सरांनी चार कोपऱ्यांना नावं दिली होती. शेत, विहीर, बाजार, आणि आपल्या डाव्या हाताजवळचा कोपरा म्हणजे घर. आमच्या मंडळात सगळे तसंच बोलायचे. "बाजारात ये की." "घर उघडं पडलंय तुझं." सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, आधी घर राखा.

आणि एक नियम होता. त्याचं नाव को.

कधी कधी अशी जागा येते की मी तुझा एक खडा मारला, की लगेच तू माझा तोच खडा मारू शकतोस. मग परत मी, परत तू. जन्मभर चालेल. म्हणून लगेच परत मारायचं नाही. आधी दुसरीकडे कुठेतरी एक चाल खेळायची. अशी चाल, की समोरच्याला इकडचं सोडून तिकडे धावावं लागेल. तो धावला, की मगच इकडचं परत घ्यायचं. आणि तो धावलाच नाही, वादाची जागा भरून बसला, तर ती जागा त्याची झाली. पण मग तिकडचं त्याचं गेलं.

एवढाच नियम आहे. तो एकदा मोडला, म्हणून तीन माणसं मेली.

मंडळात सगळ्यात चांगला खेळायचा तो बद्रीनाथ. ऊसतोडीला जाणारा. दिवाळी झाली की टोळीबरोबर कर्नाटकात, ते थेट मार्चमध्ये परत. पाच महिने पाट नाही, खडे नाहीत. खोपीत पुठ्ठ्यावर रेघा मारून तो एकटाच खेळायचा म्हणे. आला की सगळ्यांना हरवायचा.

त्या वर्षी सरांनी ठरवलं होतं की जो जिंकेल त्याला पुण्याच्या स्पर्धेला पाठवायचं. शेवटचा डाव बद्रीनाथ आणि धर्मराजमध्ये लागला.

"गाव सोडलं ते दरसाल कोयता घिऊनच सोडलं," बद्रीनाथ बसता बसता म्हणाला होता. "एकदा बिनकोयत्याचं जायचंय."

मार्चचा शेवटचा रविवार होता. सर लिंबागणेशला बारशाला गेलेले. गावात मोठं लग्न, बाकीचे तिकडे जेवायला. खोलीत तिघंच. बद्रीनाथ, धर्मराज, आणि धर्मराजचा लहानपणापासूनचा दोस्त बजरंग. बजरंगची हायवेवर रसवंती होती. त्याला खेळ येत नव्हता. तंबाखू मळत तो नुसता बघत बसायचा.

डाव पाटाच्या मधोमध एका को-वर येऊन अडकला. ती एक जागा ज्याची, डाव त्याचा.

बद्रीनाथने धर्मराजचा पांढरा खडा मारला. त्याला कोंडणारा स्वतःचा काळा शेजारी ठेवला. आणि पाणी प्यायला उठला.

धर्मराजने आधी दुसरीकडे खेळायला हवं होतं. त्याला हे माहीत होतं. पण दुसरीकडे खेळण्यासारखी एकही चाल त्याच्याकडे उरली नव्हती.

बद्रीनाथची पाठ होती…

धर्मराजने तो काळा खडा उचलला आणि आपला मेलेला खडा होता तिथे पांढरा ठेवला.

टक.

बाभळीच्या पाटावर खडा ठेवला की खणखणीत आवाज येतो. बद्रीनाथ तांब्या हातात घेऊन वळला. एकदाच पाटाकडे बघितलं.

"धर्मा, आधी दुसरीकडं खेळ. मग घे."

"खेळलो की म्या. तुझं ध्यान न्हवतं."

"कुठं खेळलास? दाव."

बद्रीनाथने तांब्या खाली ठेवला, धर्मराजसमोरचा मेलेला काळा खडा उचलून उजव्या मुठीत घट्ट धरला. "ह्यो माझा खडा अजून मेला न्हाई." आणि डाव्या हाताने धर्मराजचं मनगट पकडलं. "सरांना फोन लाव. तुझ्या तोंडानं सांग."

कोयता चालवणाऱ्याचा हात तो. सुटेना.

"सोड बे," बजरंग म्हणाला. "ऊस तोड जा. डोस्क्याची कामं तुला कुणी सांगितली?"

बद्रीनाथने सोडलं नाही. बजरंगने पाण्याने भरलेला पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या कानशिलावर घातला.

पाणी तिघांच्या अंगावर उडालं. बद्रीनाथ गुडघ्यावर आला. पण मनगट सोडलं नाही. तो धर्मराजकडे बघत होता, बजरंगकडे नाही. बजरंगने दुसरा घाव घातला. या वेळी हाड फुटल्याचा आवाज आला, कानातून रक्ताची धार लागली आणि मग एकेक बोट सुटलं.

तो अजून जिवंत होता. दोघांनी त्याला काखेत धरून दारापर्यंत ओढलं. बाहेर लोखंडी जिना. बजरंगने ढकललं. धर्मराजने धरलेलं सोडलं.

"म्या ढकललं न्हाई," धर्मराज मला प्रत्येक भेटीत सांगतो. "म्या नुसतं सोडलं."

जिन्यावरून पाय घसरून पडला, असं दोघांनी सांगितलं. पंचनामा झाला, कागद झाला. बद्रीनाथची आई दगडाबाई पोलिसांना एकच विचारत राहिली, त्याची मूठ कावून उघडंना. खरंच उघडत नव्हती. चार माणसांनी जोर लावून बघितला. शेवटी तशीच मूठ घेऊन तो सरणावर गेला.

मंडळ बंद पडलं. सरांनी खडे डब्यात भरताना मोजले. पांढरे एकशे ऐंशी असतात, तेवढे भरले. काळे एकशे एक्क्याऐंशी असतात.

एकशे ऐंशीच होते.

धर्मराजच्या उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. आठ दिवस झाले, पंधरा झाले, गेले नाहीत. तो उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दुकानात बसायला लागला.

एक दिवस जेवताना तेजश्रीने विचारलं, "दादा, खरं सांग. त्या डावात तू आधी दुसरीकडं खेळलतास का?"

"खेळलतो."

"कोणत्या कोपऱ्यात?"

"घर राखलं," तो म्हणाला. तोंडाला आलं ते बोलून गेला. तिने मान हलवली आणि ताटात बघत जेवत राहिली. ती त्याच्यापेक्षा चांगली खेळायची. तिला कळलं होतं असं मला वाटतं.

एप्रिलचा शेवटचा रविवार. दुपारची लाईट गेलेली. धर्मराज रसवंतीच्या बाकड्यावर बसला होता. बजरंग चरक पुसत होता. चरकाला बांधलेली घुंगरं हाताचा धक्का लागून मधूनच किणकिणायची. मोटार बंद. गिऱ्हाईक नाही.

आणि कुठून तरी आवाज आला…

टक.

धर्मराजने बजरंगकडे बघितलं. बजरंगनेही ऐकलं होतं.

मग घुंगरं वाजायला लागली. संथपणे. चरक फिरत होता. लाईट नव्हती, मोटारीचा पट्टा जागचा हलत नव्हता, आणि चरक फिरत होता.

बजरंग मागे सरला असता. तो सरतच होता. पण त्याचा उजवा हात पुढे गेला. धर्मराज शपथेवर सांगतो, तो हात स्वतः गेला नाही. मनगटाला धरून कुणीतरी खेचावा तसा तो ताणला गेला, कातडीवर चार बोटांचे खड्डे पडले. आणि बोटं चरकाच्या लोखंडी रुळांमध्ये शिरली.

बजरंग ओरडला. घुंगरं जोरात वाजायला लागली. पंजा गेला, मनगट गेलं, कोपर गेलं. धर्मराजने त्याला कमरेला मिठी मारून मागे ओढलं. पलीकडून रसाच्या पातेल्यात काय पडत होतं ते मी लिहीत नाही. खांद्याशी येऊन चरक थांबला.

लोक धावत आले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी मोटारीचं बटण बघितलं. बंदच होतं. जीपमध्ये घातलं, बीडच्या रस्त्याला लागले. बजरंग धर्मराजच्या मांडीवर एवढंच म्हणत होता, "मनगट सोडव… मनगट सोडव त्येच्याकडनं…" दवाखान्याच्या अलीकडेच तो गेला.

आता मला विचाराल तर बजरंगचा विषय तिथेच संपला. तो खेळाडू नव्हता, नुसता बघ्या. त्याच्यासाठी नियम नव्हते.

धर्मराजसाठी होते.

पुढच्या रविवारी सरांचा फोन आला. बबनरावांना खोली रिकामी करून हवी होती, संध्याकाळी खताची गाडी येणार होती. सरांचे गुडघे धरलेले, जिना चढवत नव्हता. "धर्मराज, तेवढे पाट नि डबे खाली आण बाबा. चावी खताच्या दुकानात आहे."

त्याला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण काय सांगणार?

तो निघाला तेव्हा तेजश्री आतल्या खोलीत पुस्तक तोंडावर घेऊन झोपली होती. मावशी ओट्यावर वाती वळत बसलेली. मावशीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस दिसतं ते सावलीसारखं. "उन्हाचं कुठं चाललास?" तिने विचारलं. "आलो धा मिन्टात," तो म्हणाला.

घरापासून ती खोली चालत पाच मिनिटं. पळत दोन.

अडीच वाजता त्याने कुलूप काढलं. जिन्याच्या तळाशी फरशीवर अजून डाग होता, तो त्याने ओलांडला होता. आत युरियाच्या पोत्यांचा उग्र वास. एकच खिडकी. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेले पाट.

एक पाट मात्र मधोमध मांडलेला होता.

त्याच्यावर तो डाव होता…

सगळा. दोनशेच्या वर खडे. जिथले तिथे. हा डाव कुणी लिहून ठेवला नव्हता, फोटो काढला नव्हता. त्या दिवशी बजरंगने लाथ मारून पाट उधळला होता. ती मांडणी जगात दोनच माणसांच्या डोक्यात होती, आणि त्यातलं एक जळून गेलं होतं.

मधोमध धर्मराजचा तो पांढरा खडा. लबाडीने ठेवलेला. तिथेच.

धर्मराज मागे वळला. दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं. पाय उचलत होता, पण खेळाडूची नजर वाईट असते. जाता जाता ती पाटावरून फिरलीच.

एक खडा जास्त होता.

त्या दिवशीच्या डावात नसलेला. काळा. त्याच्यावर राख होती, आणि आगीत पडून तडकल्यासारखी आडवी चीर.

तो धर्मराजच्या डाव्या हाताजवळच्या कोपऱ्यात होता.

घरात.

धर्मराजला सगळं एका क्षणात कळलं. बद्रीनाथ नियमाने खेळत होता. त्याने जागा ओढून घेतली नव्हती. आधी दुसरीकडे खेळला होता.

आता चाल धर्मराजची.

तो खाली बसला. बसायचं नव्हतं, पण गुडघे वाकले. समोर कुणी नव्हतं. समोरच्या गोणपाटावर मात्र कुणीतरी बसल्यासारखा खोलगट भाग पडला होता, आणि त्याच्या बघता बघता तो अजून थोडा दबला.

दोनच चाली होत्या.

घराच्या कोपऱ्यात खडा ठेवायचा. घर वाचलं. मग बद्रीनाथ मधली जागा परत घेणार, आणि ती जागा म्हणजे काय हे धर्मराजला मनगटावरच्या वळांनी पाच आठवडे सांगितलं होतं.

नाहीतर मधल्या पांढऱ्याशेजारची रिकामी जागा भरून टाकायची. वाद कायमचा मिटला. धर्मराज वाचला. आणि घर…

त्याने डब्यातून पांढरा खडा काढला. हात आधी घराकडे गेला. हे मी त्याच्यासाठी मुद्दाम लिहितो. आधी घराकडेच गेला. खड्याखाली पाट आला होता, नुसतं बोट उचलायचं होतं.

तेवढ्यात त्याला बजरंगचा खांदा आठवला.

आणि डोक्यात हिशेब सुरू झाला. एकच खडा पडलाय. एका खड्याने घर मरत नाही. मारायला त्याला अजून एक चाल लागेल. म्हणजे माझ्याकडे एका चालीएवढा वेळ आहे. मी इथे जागा भरतो, उठतो, पळतो. दोन मिनिटं. दोघींना उचलून बाहेर रस्त्यावर आणतो. घरात कुणी नसलं तर तो काय मारणार?

दहा वर्षं मोबाईल दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सुचलं नसतं. दोन वर्षं गो खेळलेल्या माणसाला सुचलं.

त्याने हात घरावरून उचलला आणि मधल्या जागेकडे नेला.

मनगट पकडलं गेलं.

चार बोटं. त्याच वळांवर. थंडगार. हात तिथेच अधांतरी थांबला. धर्मराजने जोर लावला. पकड आवळली. त्याने हात घराच्या बाजूला जरा झुकवला, तशी ती सैल झाली. परत मध्ये नेला. परत आवळली.

त्याला सांगितलं जात होतं. अजून काय सांगायचं असतं कुणी कुणाला?

"सोड," धर्मराज रडत म्हणाला. "बद्री, सोड. म्या सगळ्यांना खरं सांगतो. उद्या सांगतो."

पकड तशीच.

त्याने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, सगळं अंग हातावर टाकलं आणि हात खाली दाबला. मनगटाचं हाड मोडलं. त्याला आवाज ऐकू आला. कातडी फाटून हाडाचं टोक बाहेर आलं आणि रक्त पाटावर, खड्यांवर गळायला लागलं. पांढरे खडे लाल झाले. तो किंचाळत होता आणि दाबत होता. खडा बोटांतून सुटून पडू नये एवढंच त्याच्या ध्यानात होतं.

खडा जागेवर बसला.

टक.

पकड सुटली. एकदम. कुणी उठून गेल्यासारखी. समोरचं गोणपाट हळूहळू वर आलं.

धर्मराज पाटाकडे बघत होता. घराच्या कोपऱ्यात, तडकलेल्या खड्याच्या शेजारची जागा मोकळी होती. अजून मोकळी होती. तो उठला. जिन्यावरून घसरत, आपटत उतरला. तुटलेला हात छातीशी धरून भर उन्हात पळत सुटला. पानटपरीवाल्याने त्याला पळताना बघितलं, वेळही सांगितली. दोन पन्नास.

मारुतीच्या देवळापाशी त्याला परत आवाज आला. या वेळी पुढून. घराच्या दिशेने.

टक.

आणि लगेच अजून एक…

टक.

पण हा दुसरा खड्याचा नव्हता. जड होता. ओला होता.

मावशी ओट्यावरच बसलेली होती. वाती वळत. "आलास?" ती म्हणाली. तो तिला ओलांडून आत गेला.

तेजश्री आतल्या खोलीत, गादीवर. पुस्तक तोंडावर तसंच होतं, फक्त भिजून लाल झालेलं. धर्मराजने ते डाव्या हाताने उचललं. कानशिलावर दोन घाव. पहिला वर, दुसरा जरा खाली. अगदी तसेच. शेजारी घरातला पितळी तांब्या पडला होता, एका बाजूने चेपलेला. आणि उशीवर, तिच्या उघड्या तळहातापाशी, एक काळा खडा.

राखेने माखलेला. मधोमध तडकलेला.

मी तासाभराने पोचलो. धर्मराज तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि मोडक्या हाताने तिचे केस सारखे करत होता. हाड दिसत होतं, पण दुखतंय असं वाटत नव्हतं. मला बघून एवढंच म्हणाला, "एका चालीचा येळ व्हता. म्या मोजला व्हता."

पोलिसांनी त्याच्यावरच संशय घेतला, आणि त्याने नाकारलं नाही. माझ्यामुळंच मेली, हे एकच वाक्य. तपासात टपरीवाल्याची साक्ष आली, वेळा जुळेनात. मग त्याने आपणहून बद्रीनाथचं सगळं सांगितलं. तांब्या, जिना, सगळं. दगडाबाई ठाण्यात आली होती. तिने ऐकून घेतलं आणि निघून गेली. आता तो आत आहे. बद्रीनाथच्या केसमध्ये. तेजश्रीला कुणी मारलं, त्या कागदावर अजून 'अज्ञात इसम' असंच आहे.

मनगटाचं हाड वाकडं जुळलं. वळ मात्र गेले. एकही नाही. जागा त्याची झाली ना.

पाट आणि डबे शेवटी मी आणले. आणताना खडे मोजले. पांढरे एकशे ऐंशी. उशीवरचा तडकलेला धरून काळे एकशे एक्क्याऐंशी. भरले.

इथेच थांबायला हवं होतं. पण एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. धर्मराजला तर नाहीच.

तुळजामावशी आता आमच्याकडे असते. दिवसभर ओट्यावर बसून राहते. एका रविवारी दुपारी मी तिच्यापाशी बसलो होतो, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. पोलिसांनी तिला काही विचारलंच नव्हतं. म्हातारी, डोळ्यांनी अधू, तिला काय विचारायचं?

"त्या दिवशी येक माणूस आलतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

"धर्मा गेला नि जरा येळानं आलं. म्या म्हणलं कोण रं बाबा. तर म्हणलं, धर्माचा दोस्त हाय मावशी. आमचा डाव चालूय, त्येची चाल हाय. तवर हितं टेकतो. म्या तांब्या भरून दिला. डाव्या हातानं प्यालं. उजवी मूठ झाकलेली व्हती. म्या इचारलं, हाताला काय झालं? म्हणलं, काय न्हाई."

"मग?"

"मग काय. बसलं. लई येळ बसलं. आत बघितलं न्हाई. मला वाटलं भला माणूस हाय, उन्हाचा टेकलाय. नुसतं रस्त्याकडं कान देऊन बसलं व्हतं. एकदा म्हणलं, घर राखंल तो. म्या म्हणलं कोण? तर म्हणलं, धर्मा."

वात वळायची थांबून मावशीने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"मग लांबून कुठून तरी टक करून आवाज आला. ते माणूस उठलं. मग म्हणलं, 'खेळला.' आन् तांब्या हातात घिऊन आत गेलं. मला वाटलं, जागेवर ठिवायला चाललंय."

रस्त्यावर कुणी नव्हतं. अडीच वाजून गेले होते.

"तू तर बोलतोस की त्येच्याशी जेलात," मावशी म्हणाली. "त्येला इचार की रं एकदा. काय खेळला व्हता माझा धर्मा?"

मी उठलो आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर ओट्यावर बोलावून घेतलं. माळ्यावर तो पाट आहे, म्हणून तेव्हापासून दर रविवारी बोलावतो.